डिस्क मुद्दाम पाडा: लिनक्स सॉफ्टवेअर रेडची बिघाड-चाचणी आणि रीबिल्डची तालीम

सॉफ्टवेअर रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी गेली तरी डेटा शाबूत राहील अशी सोय. तिची चाचणी म्हणून बहुतेक ठिकाणी एवढेच होते: एक डिस्क 'फेल' करायची, काढायची, तीच परत जोडायची आणि स्थिती सांगणाऱ्या /प्रोक/एमडीस्टॅट फाइलीत सगळे 'यू' (डिस्क ठीक असल्याची खूण; नसलेल्या डिस्कच्या जागी '_') दिसले की काम संपले. पण यात डिस्क मेलेली नसते, परत जोडलेली डिस्क कोरी नसते, आणि डेटा शाबूत आहे का हे कोणी वाचून पाहिलेले नसते. खऱ्या बिघाडात नेमक्या याच तीन गोष्टी वेगळ्या असतात, म्हणून खालची चाचणी त्यांच्याभोवतीच बांधली आहे. सगळे विवेचन लिनक्सचा एमडी ड्रायव्हर आणि तो हाताळणारे एमडीअ‍ॅडम हे साधन यांच्याबद्दल आहे.

कमांड आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलवर अर्थातच मूळ स्पेलिंग टाइप करायचे. सगळ्या कमांड रूट म्हणून चालवायच्या आहेत, तेव्हा एंटर दाबण्याआधी डिव्हाइसचे नाव दोनदा वाचा.

आधी खोट्या डिस्क

पहिली तालीम चालू सर्व्हरवर नको. एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये साध्या फाइलींना लूप डिव्हाइस (फाइलीला डिस्कसारखे दाखवणारे डिव्हाइस) बनवून अख्खा अ‍ॅरे, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कचा गट, उभा करता येतो आणि एमडी ड्रायव्हरला त्यात काही फरक कळत नाही.

'ट्रंकेट -एस १जी' वापरून १ जीबीच्या ५ फाइल करा: डिस्क० ते डिस्क४. 'लॉसेटअप --लिस्ट' चालवून लूप१० ते लूप१४ ही नावे मोकळी आहेत का पाहा आणि मग 'लॉसेटअप /डेव्ह/लूप१० डिस्क०' अशा पद्धतीने पाचही जोडा. पहिल्या चार अ‍ॅरेसाठी, पाचवी 'दुकानातून आणलेली नवी डिस्क' म्हणून बाजूला.

ट्रंकेटने केलेल्या फाइली सुरुवातीला जागा घेत नाहीत, पण अ‍ॅरे लिहू लागला की फुगत जातात. फाइली जिथे ठेवल्या तिथे ६ जीबी तरी मोकळी जागा हवी. ती संपली तर लूप डिव्हाइस लिहिताना एरर देते, एमडीला ती 'डिस्क' बिघडलेली वाटते, आणि तुम्ही न केलेल्या बिघाडाचा शोध घेत बसता.

अ‍ॅरे बनवण्याची कमांड: 'एमडीअ‍ॅडम --क्रिएट /डेव्ह/एमडी१०० --लेव्हल=५ --रेड-डिव्हाइसेस=४ --बिटमॅप=इंटर्नल' आणि पुढे लूप१० ते लूप१३ ही चार नावे. एमडी० ऐवजी एमडी१०० मुद्दाम घेतले आहे. हीच कमांड कधी चुकून खऱ्या सर्व्हरवर चालली, तर तिथल्या एमडी०शी गाठ पडू नये. बिटमॅपही (कोणत्या भागात लेखन झाले याची नोंद) मुद्दाम सांगावा लागतो, कारण एमडीअ‍ॅडम तो आपणहून साधारण १०० जीबी किंवा त्याहून मोठ्या डिस्कसाठीच घालते. खऱ्या अ‍ॅरेवर बिटमॅप आणि चाचणीच्या अ‍ॅरेवर नाही, असे झाले तर दोन्हींचे वागणे वेगळे दिसेल.

आता एमडीस्टॅट पाहा. अ‍ॅरे नुकताच बनवलेला असूनही [४/३] [यूयूयू_] आणि 'रिकव्हरी' असे दिसेल. यात बिघाड काही नाही. नवा रेड-५ बनवताना एमडी शेवटच्या डिस्कला स्पेअर (राखीव डिस्क) धरतो आणि बाकी तिघींवरून ती भरून काढतो. तीन सलग वाचायच्या, एक सलग लिहायची, म्हणून हे वेगाने होते. त्यामुळेच एमडीस्टॅटमध्ये लूप१३ समोर कंसात ३ न दिसता ४ दिसतो. कंसातला तो आकडा म्हणजे अ‍ॅरेतली जागा नव्हे. जागा पाहायची तर 'एमडीअ‍ॅडम --डिटेल'मधला 'रेडडिव्हाइस' हा रकाना पाहा. हा गोंधळ एरवी निरुपद्रवी असतो, पण डिस्कचा क्रम देऊन अ‍ॅरे पुन्हा बांधण्याची वेळ आली तर त्यातूनच डेटा जातो.

'एमडीअ‍ॅडम --वेट /डेव्ह/एमडी१००' हे काम पूर्ण होईपर्यंत थांबून राहते. तोवर पुढे जाऊ नका. मग चारही डिस्कच्या 'एमडीअ‍ॅडम --एक्झॅमिन'चे आउटपुट एका फाइलमध्ये साठवा. त्यात चंक साइज (एका डिस्कवर सलग जाणाऱ्या तुकड्याचा आकार), डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा जिथून सुरू होतो ती जागा), मेटाडेटाची आवृत्ती आणि प्रत्येक डिस्कची भूमिका असते. खऱ्या सर्व्हरवरही हेच करा. फक्त ती फाइल त्याच अ‍ॅरेवर ठेवण्याचा शहाणपणा नको.

डेटा असा की खोटे लपणार नाही

अ‍ॅरेवर ईएक्सटी४ करा, माउंट करा आणि भरा: १०० एमबीच्या २० फाइली, शिवाय काही हजार लहान फाइली. सगळ्यांचा मजकूर /डेव्ह/यूरँडममधून घ्यायचा, शून्यांनी भरायचा नाही. रेड-५ची पॅरिटी (हरवलेला डेटा पुन्हा काढता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती) म्हणजे एक्सॉर, आणि शून्यांचा एक्सॉर शून्यच येतो. कोरी फाइलही शून्यांचीच असते. म्हणजे शून्यांनी भरलेल्या अ‍ॅरेत रीबिल्ड (नवी डिस्क बाकीच्यांवरून भरून काढणे) पार फसले तरी चेकसम जुळतील.

मग सर्व फाइलींची एसएचए२५६सम यादी काढून ती अ‍ॅरेबाहेर ठेवा. यापुढे प्रत्येक टप्प्यानंतर 'एसएचए२५६सम -सी' चालवायचे आहे, पण त्याआधी दर वेळी 'सिंक' आणि नंतर /प्रोक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस मध्ये ३ लिहायचे. हे राहिले तर फाइली मेमरीतून वाचल्या जातात. डिस्कवर काय आहे ते तुम्ही तपासलेलेच नसते आणि निकाल मात्र झकास येतो. खात्री करायची तर 'आयओस्टॅट' चालू ठेवून लूप डिव्हाइसवर खरोखर वाचन होते आहे का पाहा.

शांत अ‍ॅरेवरची चाचणी अर्धीच. डिस्क पडताना लेखन चालू असायला हवे, म्हणून दुसऱ्या टर्मिनलवर फाइली लिहून लगेच पडताळणारे एखादे लूप स्क्रिप्ट चालू ठेवा, किंवा 'एफआयओ' हे साधन '--व्हेरिफाय=सीआरसी३२सी' देऊन चालवा.

पहिली डिस्क पाडणे

'एमडीअ‍ॅडम --मॅनेज /डेव्ह/एमडी१०० --फेल /डेव्ह/लूप१२'. एमडीस्टॅटमध्ये लूप१२ समोर (एफ) येईल, नकाशा [यूयू_यू] होईल, 'डिटेल'मधल्या स्थितीत 'डिग्रेडेड' (म्हणजे एक डिस्क कमी) दिसेल आणि कर्नल लॉगमध्ये तीन डिव्हाइसवर काम चालू असल्याची ओळ येईल. मागचे लेखन क्षणभर अडखळले तरी थांबता कामा नये.

आता कॅश रिकामी करून चेकसम. हा टप्पा लोक हमखास गाळतात. एरवी सगळ्या डिस्क हजर असताना एमडी फक्त डेटाचे ब्लॉक वाचतो, पॅरिटीकडे बघतही नाही. डिग्रेडेड अवस्थेत लूप१२वरचा प्रत्येक डेटा ब्लॉक पॅरिटीवरून काढावा लागतो. पॅरिटी बरोबर आहे की नाही ते इथेच समजते.

मग '--रिमूव्ह /डेव्ह/लूप१२'. 'फेल' न करता थेट 'रिमूव्ह' केले तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असा नकार मिळतो, आणि तो योग्यच आहे. खरी डिस्क सिस्टीममधून गायब झाली असेल आणि तिचे नावच उरले नसेल, तर नावाऐवजी 'डिटॅच्ड' हा शब्द द्यायचा: '--रिमूव्ह डिटॅच्ड'.

यानंतर तीच डिस्क '--अ‍ॅड'ने परत जोडून पाहा. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळे 'यू' परत येतील. ही बिटमॅपची करामत. डिस्क बाहेर असताना कोणत्या भागात लेखन झाले याची नोंद त्यात असते आणि तेवढाच भाग सिंक होतो. केबल सैल होऊन डिस्क क्षणभर गेली तर हे वरदानच, पण 'आमचे रीबिल्ड दोन सेकंदांत होते' असा निष्कर्ष यावरून काढणाऱ्याची फसगत ठरलेली. कोऱ्या डिस्कला बिटमॅपचा काही उपयोग नाही.

खरे रीबिल्ड, आणि तेही मध्येच तोडून

लूप१२ पुन्हा 'फेल' आणि 'रिमूव्ह' करा आणि या वेळी लूप१४ जोडा. (खऱ्या चाचणीत वेगळी डिस्क नसेल तर काढलेल्या डिस्कवर '--झीरो-सुपरब्लॉक' चालवून मगच जोडा, म्हणजे सुपरब्लॉक (डिस्कवरची अ‍ॅरेची ओळख-नोंद) पुसला जाऊन एमडी तिला ओळखणार नाही आणि पूर्ण भरेल.)

१ जीबीचे रीबिल्ड काही सेकंदांत उरकते, त्यात काही तपासता येत नाही. म्हणून जोडण्याआधी /सिस/ब्लॉक/एमडी१००/एमडी/सिंक_स्पीड_मॅक्स मध्ये ५००० लिहा. हा वेग प्रति सेकंद किलोबाइटमध्ये असतो, म्हणजे साडेतीन मिनिटे हाताशी येतात. तेवढ्यात तीन गोष्टी करायच्या.

एक, रीबिल्ड चालू असताना चेकसम. दोन, तिशी-चाळिशी टक्क्यांवर अ‍ॅरे अनमाउंट करून '--स्टॉप', मग चार नावे देऊन '--असेंबल'. रीबिल्ड शून्यापासून सुरू न होता सोडले तिथूनच पुढे जायला हवे; किती झाले याची नोंद नव्या डिस्कच्या सुपरब्लॉकमध्ये असते आणि 'एक्झॅमिन'मध्ये 'रिकव्हरी ऑफसेट' म्हणून दिसते. असेंबल केल्यावर वेगमर्यादा पुन्हा घालावी लागेल, कारण अ‍ॅरे थांबला की ही फाइल जाते. तीन, व्हर्च्युअल मशीनच असेल तर एकदा रीबिल्ड आणि लेखन दोन्ही चालू असताना ती सरळ बंद पाडा, नीट शटडाउन न करता.

तिसऱ्या प्रयोगात बऱ्याचदा अ‍ॅरे सुरूच होत नाही आणि कर्नल लॉगमध्ये 'डर्टी डिग्रेडेड' अ‍ॅरे सुरू करता येत नसल्याचे येते. ही अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे. एखाद्या स्ट्राइपचा (सगळ्या डिस्कवर आडव्या पसरलेल्या एका पट्ट्याचा) डेटा लिहिला गेला आणि पॅरिटी राहिली (किंवा उलट) असे असू शकते. सगळ्या डिस्क असत्या तर पॅरिटी पुन्हा काढता आली असती, पण एक डिस्क नसताना त्याच अर्धवट पॅरिटीवरून हरवलेला ब्लॉक काढावा लागतो, आणि तो चुकीचा निघू शकतो. यालाच राइट होल म्हणतात. '--असेंबल --फोर्स'ने अ‍ॅरे सुरू होईल. त्यानंतर 'एफएसचेक' आणि चेकसम दोन्ही करा. हा धोका परवडणारा नसेल तर अ‍ॅरे बनवताना '--कन्सिस्टन्सी-पॉलिसी=पीपीएल' (पीपीएल म्हणजे पॅरिटीची आंशिक नोंद) किंवा वेगळे जर्नल डिव्हाइस घेता येते. पीपीएल आणि बिटमॅप एकत्र चालत नाहीत आणि लेखनाचा वेग ३०-४० टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. बरा यूपीएस हा माझ्या मते पहिला उपाय आणि पीपीएल दुसरा.

रीबिल्ड पूर्ण झाल्यावर वेगमर्यादेच्या फाइलीत 'सिस्टम' हा शब्द लिहिला की मूळ मर्यादा परत येते. मग /सिस/ब्लॉक/एमडी१००/एमडी/सिंक_अ‍ॅक्शन मध्ये 'चेक' लिहा आणि संपल्यावर शेजारचे मिसमॅच_सीएनटी वाचा. रेड-५ आणि रेड-६मध्ये ते ० हवे. रेड-१वर (प्रत्येक डिस्कवर तीच प्रत) स्वॅप असेल तर बिघाड नसतानाही ते शून्यापेक्षा जास्त येऊ शकते, तेव्हा तिथे लगेच घाबरायचे कारण नाही.

त्यानंतर दुसरीच एखादी डिस्क, समजा लूप१०, 'फेल' करून पुन्हा चेकसम. आता लूप१०वरचा डेटा काढताना नुकत्याच भरलेल्या लूप१४चा आधार घ्यावा लागतो, तिच्यावरच्या पॅरिटीसकट. इथे यादी जुळली तर रीबिल्ड झाले असे म्हणायला हरकत नाही. लूप१० काढून परत जोडा, अ‍ॅरे पूर्ण होऊ द्या.

डिस्क एकदम मरत नाही

'फेल' ही कमांड म्हणजे सभ्य मृत्यू. खऱ्या डिस्कचे आधी चार-दोन सेक्टर जातात, बाकीची डिस्क ठणठणीत असते. हे घडवून पाहायला डिव्हाइस-मॅपरमध्ये (डिव्हाइसवर वेगळा थर चढवणारा कर्नलचा भाग) 'डस्ट' नावाचे टार्गेट आहे, लिनक्स ५.२पासून ते कर्नलमध्ये आहे. ते कोणत्याही डिव्हाइसवर बसते आणि सांगितलेल्या ब्लॉकवर वाचनाची एरर देते. त्या ब्लॉकवर लेखन झाले की ब्लॉक चांगल्यांत जमा होतो, हुबेहूब खरी डिस्क खराब सेक्टर बदलून घेते तसा.

अ‍ॅरे थांबवा. 'ब्लॉकडेव्ह --गेटएसझेड /डेव्ह/लूप११' २०९७१५२ सेक्टर सांगेल. मग 'डीएमसेटअप क्रिएट धूळ' आणि टेबलमध्ये '० २०९७१५२ डस्ट /डेव्ह/लूप११ ० ४०९६' (धूळ हे आपण दिलेले नाव, प्रत्यक्षात रोमन लिपीतले काहीही चालेल). अ‍ॅरे '--असेंबल' करताना लूप११ऐवजी /डेव्ह/मॅपर/धूळ द्या आणि नावे स्वतः लिहा, '--स्कॅन'वर सोडू नका, कारण एकच सुपरब्लॉक आता दोन नावांखाली दिसतो.

'डीएमसेटअप मेसेज धूळ ० अ‍ॅडबॅडब्लॉक १०००००' अशा पाच-सात ओळी वेगवेगळ्या आकड्यांनी चालवा, मग त्याच पद्धतीने 'इनेबल' हा मेसेज. ४०९६ बाइटचे एकूण २,६२,१४४ ब्लॉक आहेत. १ लाखाच्या आसपासचे घेतले की ते सुपरब्लॉकपासून दूर, डेटाच्या भागात येतात. आता सिंक_अ‍ॅक्शनमध्ये 'चेक'.

कर्नल लॉगमध्ये 'रीड एरर करेक्टेड' अशा ओळी दिसल्या पाहिजेत. एमडीने बाकी डिस्कवरून तो ब्लॉक काढला आणि खराब जागी परत लिहिला. 'काउंटबॅडब्लॉक्स' विचारले तर संख्या ० आली असेल आणि डिस्क अ‍ॅरेतच असेल. ठरावीक काळाने 'चेक' चालवण्याचे कारण एवढेच: वर्षभर कोणी न वाचलेल्या फाइलीखालचा सेक्टर गेला असेल तर तो पॅरिटी शाबूत असताना सापडावा.

आता हाच प्रयोग उलट क्रमाने. आधी लूप१३ पाडून काढा, मग डस्टमध्ये खराब ब्लॉक टाका, आणि '--झीरो-सुपरब्लॉक' केलेली लूप१३ जोडून रीबिल्ड होऊ द्या. या वेळी तो ब्लॉक काढायला दुसरा आधारच नाही. लॉगमध्ये 'नॉट करेक्टेबल' येईल. रीबिल्ड मात्र थांबणार नाही! मेटाडेटा १.एक्सच्या बॅड ब्लॉक लॉगमध्ये त्या जागांची नोंद करून एमडी पुढे सरकतो आणि शेवटी [यूयूयूयू] दाखवतो. चार 'यू', सगळे आलबेल, आणि एका फाइलीच्या मध्यात इनपुट-आउटपुट एरर. हे एमडीस्टॅट सांगत नाही. 'एमडीअ‍ॅडम --एक्झॅमिन-बॅडब्लॉक्स' प्रत्येक डिस्कवर चालवले तर कळते. खऱ्या रीबिल्डनंतर ही कमांड चालवल्याशिवाय जुनी डिस्क फेकू नका. तिच्यावर तो ब्लॉक अजून वाचता येण्याजोगा असू शकतो.

मोठ्या डिस्कच्या रेड-५बद्दल जाणकार नाक का मुरडतात ते यावरून समजेल. अनेक डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या सेक्टरचे प्रमाण '१०चा १४वा घात इतक्या बिटांत १पेक्षा कमी' असे दिलेले असते, म्हणजे सुमारे १२.५ टीबीमागे एक. ही कमाल हद्द आहे, प्रत्यक्षात डिस्क बऱ्याच चांगल्या वागतात. तरी चार मोठ्या डिस्क असतील तर रेड-६ (दोन डिस्क गेल्या तरी तगणारा) घ्यावा. शिवाय मरणपंथाला लागलेली डिस्क अजून वाचता येत असेल तर ती आधी पाडू नका. नवी डिस्क स्पेअर म्हणून जोडून '--रिप्लेस जुनी --विथ नवी' करा. प्रत जुनीवरून होते, अडलेले ब्लॉक इतर डिस्कवरून भरले जातात, आणि काम संपेपर्यंत जुनी अ‍ॅरेतच राहते.

एक बिघाड मात्र रेड पकडत नाही: डिस्क एरर न देता चुकीचाच डेटा देते तो. लूप११च्या मागच्या फाइलीत 'डीडी'ने ('कॉन्व्ह=नोट्रंक' विसरू नका, नाहीतर फाइलच छाटली जाईल) मध्यावर काही एमबी कचरा लिहून पाहा. एमडी काही न बोलता तो वाचून देतो आणि चेकसम फसतात. 'चेक' मिसमॅच मोजेल, पण कोणती डिस्क खोटी बोलते ते त्याला ठाऊक नसते. अशा वेळी 'रिपेअर' चालवले तर चुकीच्या डेटाला जुळणारी पॅरिटी लिहिली जाते आणि उरलासुरला पुरावाही पुसला जातो. यावर इलाज म्हणजे प्रत्येक डिस्कखाली डीएम-इंटिग्रिटीचा थर, किंवा स्वतः चेकसम ठेवणारी फाइल सिस्टीम.

खऱ्या डिस्कवर

बॅकअप घेतलेला, आणि त्यातून फाइली परत काढून पाहिलेला, हवा. मग प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर आणि तिचा खण यांची यादी करा. 'एसडीसी' वगैरे नावांवर विसंबू नका. ती रीबूटनंतर बदलतात, आणि डिस्क चालू मशीनमधून काढून परत लावली तर जुने नाव अडकलेले असल्याने तीच डिस्क 'एसडीई' म्हणून उगवते. /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी मधली नावे वापरा.

केबलला हात न लावता डिस्क गायब करायची तर /सिस/ब्लॉक/एसडीसी/डिव्हाइस/डिलीट मध्ये १ लिहा. परत आणायला /सिस/क्लास/स्कझी_होस्ट खालच्या योग्य होस्टच्या 'स्कॅन' फाइलीत मध्ये जागा सोडून तीन आडव्या रेघा लिहायच्या. 'डिलीट'ऐवजी शेजारच्या 'स्टेट' फाइलीत 'ऑफलाइन' लिहिले तर वेगळेच दिसते. डिव्हाइस नाहीसे झाल्याची घटना यूडेव्हपर्यंत (डिव्हाइसची ये-जा हाताळणारी सेवा) जात नाही, आणि अ‍ॅरेवर वाचन-लेखन होईपर्यंत एमडीस्टॅट सगळे ठीक असल्याचे दाखवत राहते. दोन्ही करून पाहा. प्रत्यक्ष ओढून काढायची असेल तर हॉट-स्वॅप खण असेल तरच.

खऱ्या डिस्कवर आणखी एक जुने दुखणे आहे: टाइमआउट. स्वस्त डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला मिनिटाहून जास्त झटत राहू शकते, तर कर्नल ३० सेकंदांत कंटाळतो, डिस्क रीसेट करू पाहतो, आणि शेवटी एका सेक्टरपायी अख्खी डिस्क अ‍ॅरेबाहेर जाते. 'स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी' विचारून पाहा. डिस्कला ही वेळमर्यादा घालण्याची सोय असेल तर 'एससीटीईआरसी,७०,७०' देऊन मर्यादा ७ सेकंदांवर आणा. नसेल तर /सिस/ब्लॉक/एसडीसी/डिव्हाइस/टाइमआउट मध्ये १८० लिहा. दोन्ही गोष्टी रीबूटनंतर टिकतील याची भिस्त ठेवू नका. बूट होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये किंवा यूडेव्ह नियमात घाला.

वेळेचा हिशेब आधीच करून ठेवा. ४ टीबीची डिस्क १५० एमबी प्रति सेकंदाने भरायला साडेसात तास लागतात, तेही दुसरे काही चालू नसताना. अ‍ॅरेवर काम चालू असेल तर एमडी मागे सरकतो, आणि त्याची हमी फक्त /प्रोक/सिस/डेव्ह/रेड/स्पीड_लिमिट_मिन एवढीच, जे मुळात १००० किलोबाइट असते. त्या वेगाने हीच डिस्क भरायला दीड महिना लागेल. इतकी वेळ येत नाही, पण रीबिल्ड रेंगाळले तर हा आकडा ५०,००० करून पाहा. डिस्क एसएमआर पद्धतीची (एकमेकांवर चढलेले ट्रॅक असणारी) असेल तर तो वाढवूनही फारसा फरक पडत नाही.

दोन डिस्क एकदम

हे पुन्हा लूप डिव्हाइसवर. रेड-५च्या दोन डिस्क पाठोपाठ पाडा. एमडीअ‍ॅडमच्या नव्या आवृत्त्या दुसऱ्या 'फेल'ला नकार देतात. तसे झाले तर डस्टप्रमाणेच डिव्हाइस-मॅपरचा 'एरर' टार्गेट खाली लावून डिस्क मारता येते. फाइल सिस्टीम एरर देऊ लागेल किंवा रीड-ओन्ली होईल. अनमाउंट करा, अ‍ॅरे थांबवा.

मग प्रत्येक डिस्कवर '--एक्झॅमिन' आणि त्यातला 'इव्हेंट्स' (अ‍ॅरेच्या स्थितीतल्या बदलांची मोजणी) हा आकडा. ज्यांचे आकडे सारखे किंवा अगदी जवळचे, त्या एकमेकींच्या ताज्या साथीदार. जी खूप मागे आहे ती आधी पडलेली; तिला घ्यायचे नाही. उरलेल्या तीन '--असेंबल --फोर्स'ने जोडा, रीड-ओन्ली माउंट करा, चेकसम पाहा. शेवटच्या क्षणी लिहिलेल्या फाइली सोडून बाकी जुळायला हव्यात.

घाबरलेला माणूस इथे '--क्रिएट'कडे वळतो. क्रिएट नवे सुपरब्लॉक लिहिते. क्रम, चंक साइज किंवा डेटा ऑफसेट यांपैकी एक जरी चुकले आणि सिंक सुरू झाले, तर परतीची वाट बंद. खऱ्या डिस्कवर प्रयोग करायचेच असतील तर प्रत्येक डिस्कवर डिव्हाइस-मॅपरचा स्नॅपशॉट बसवा, म्हणजे लेखन वेगळ्या फाइलीत जाईल आणि मूळ डिस्क अस्पर्श राहील. हा स्नॅपशॉट बसवायचा सराव आजच, खोट्या डिस्कवर करून ठेवा.

निरोप पोचतो का, मशीन उठते का

एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फिगरेशन फाइलीत 'मेलअ‍ॅडर' ओळ घालून 'एमडीअ‍ॅडम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट' चालवा. प्रत्येक अ‍ॅरेमागे एक चाचणी-मेल यायला हवा. आला नाही तर बहुधा मशीनवर मेल पाठवणारा प्रोग्रॅमच नसतो. हा निरोप आला तरी एकदा खरोखर 'फेल' करून किती मिनिटांत कळते ते मोजा. मॉनिटर सेवा चालू आहे की नाही हे त्यातूनच उघड होते.

रीबूटनंतर अ‍ॅरे एमडी१२७ नावाने आला तर त्याची ओळ कॉन्फिगरेशनमध्ये नाही, किंवा इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणारी तात्पुरती फाइल सिस्टीम) जुना आहे. 'एमडीअ‍ॅडम --डिटेल --स्कॅन'ची ओळ त्या फाइलीत घाला आणि डेबियन-उबुंटूवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू', रेड हॅटच्या घराण्यात 'ड्रॅकट -एफ' चालवा. एफएसटॅबमध्ये नेहमी यूयूआयडी.

बूट डिस्कच रेड-१वर असेल तर ग्रब (बूट लोडर) दोन्ही डिस्कवर हवा, आणि यूईएफआय असेल तर ईएफआय विभाजनाची प्रत दुसऱ्या डिस्कवरही. मशीन बंद करून पहिली डिस्क काढा, चालू करा, लॉगिनपर्यंत पोचते का पाहा. मग ती परत लावून सिंक पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतरच दुसरीची पाळी. मधले सिंक गाळून आधी एकीवर आणि लगेच दुसरीवर बूट केले, तर दोघी स्वतंत्रपणे पुढे जातात, दोघींनाही दुसरी मेलेली वाटते, आणि एकत्र आल्यावर एकीवरचे लेखन गमवावेच लागते.

नव्या डिस्कवर विभाजने उतरवताना 'एसजीडिस्क -आर' वापरत असाल तर पर्यायासोबत नवी डिस्क आणि शेवटी जुनी, असा क्रम आहे. उलटे लिहिले तर कोऱ्या डिस्कचा कोरा तक्ता चांगल्या डिस्कवर जातो. त्यानंतर 'एसजीडिस्क -जी' चालवून नव्या डिस्कचे ओळख-क्रमांक वेगळे करा.

आवरताना: अनमाउंट, '--स्टॉप', 'डीएमसेटअप रिमूव्ह धूळ', मग पाचही लूपवर '--झीरो-सुपरब्लॉक' आणि 'लॉसेटअप -डी'. सुपरब्लॉक तसेच राहिले तर पुढच्या वेळी याच फाइली जोडताच यूडेव्ह जुना अ‍ॅरे आपणहून उभा करू पाहील आणि नवी 'क्रिएट' कमांड 'बिझी' म्हणून परत येईल.